दहा आकड्यांची अंघोळ

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या मुलानं, अजितनं, दोन दिवसांसाठी एक मोटरहोम आणलं. म्हणजे मिनीबसएवढी गाडी आणि तिच्या पोटात सगळं घर: झोपायला पलंग, चहाला शेगडी, कोपऱ्यात कपाटाएवढी न्हाणी. येडगावच्या धरणाकाठी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात ती उभी केली. तिथं ना विजेची जोडणी, ना नळाची. टाकीत जेवढं पाणी भरून आणलं तेवढंच आपलं. सकाळी मी न्हाणीत शिरायच्या आधी सूनबाईनं मला धडा दिला. आधी अंग ओलं करायचं, मग बटण दाबून पाणी बंद करायचं, मग साबण, मग परत थोडं पाणी. टाकी संपली तर दुपारी भांडी घासायला काही उरणार नाही. हे तिनं मोबाईलवर कुठंतरी वाचलं होतं. मी हो हो म्हटलं, आत गेले, फवारा सोडला आणि माझ्याही नकळत मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. बाहेर नातवंडं खिदळली. दहाला मी बटण दाबलं. बाहेर आले तर सून टाकीचा काटा बघत उभी. तुम्ही पाणी घेतलंत तरी का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पोटभर घेतलं. ही विद्या मी ज्या गाडीत शिकले त्या गाडीचा विषय मी घरात कधी फारसा काढलेला नाही. आता काढते.

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, सिनेमाचा तंबू होता. पावसाळ्याचे चार महिने आम्ही बोरी बुद्रुकला चुलत्यांच्या शेजारी आमच्या दोन खोल्यांत काढायचो. मी शाळेत जायचे, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, आणि आप्पा तंबूची भोकं शिवत ओट्यावर बसायचे. दिवाळीचे दिवे विझले की दोन ट्रक भरायचे. एकात तंबूचं कापड, खांब, कनाती, पडदा, सिनेमाचं मशीन आणि ते चालवायचं डिझेल इंजिन. दुसऱ्यात आम्ही. आप्पांनी त्या ट्रकच्या हौद्यात फळ्या ठोकून दोन मजले केले होते. खाली भांडीकुंडी, पिठाचे डबे, आईची पेटी, वर आमची अंथरुणं. पुढचे आठ महिने तेच घर. आज मंचर, चार दिवसांनी घोडेगाव, मग ओतूर, बेल्हे, जिथं जत्रा तिथं आम्ही. गावात शिरलो की पोरं गाडीमागं धावायची आणि मी ट्रकच्या मागच्या बाजूला, उघड्या फाळक्यावर राणीसारखी पाय सोडून बसायचे. तंबूत सिनेमा बघायला अख्खा गाव लोटायचा, पण तो तंबू ज्यांचा आहे त्यांच्या पोरीकडं बघायलाही पोरं टपलेली असायची, याचा मला कोण तोरा होता.

तर पाणी. प्रत्येक मुक्कामाला पाणी मिळेलच असं नसे, आणि मिळालं तरी गावाच्या पाण्यावर तंबूवाल्यांनी हक्क सांगू नये असं आप्पांचं मत. म्हणून त्यांनी ट्रकच्या टपावर एक लोखंडी पिंप आडवं बांधलं होतं. त्याला तोटी, तोटीला नळी आणि नळीच्या टोकाला झाडांना पाणी घालायच्या झारीचं तोंड. ट्रकच्या मागं ताडपत्रीचा आडोसा, त्यात पत्र्याचा टब, टबात उभं राहून अंघोळ. दिवसभर उन्हानं पिंप तापायचं, त्यामुळं दुपारनंतर पाणी कढत यायचं. आताची माणसं याला काय काय नावं देतील, पण आम्ही त्याला फवाराच म्हणायचो. या फवाऱ्याचा कायदा असा होता की तोटी सोडली की मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं आणि बंद करायची. मग साबण. मग परत दहा, आणि संपलं. मोठ्यानं अशासाठी, की बाहेर आईला ऐकू आलं पाहिजे. टबात साठलेलं साबणाचं पाणीही वाया जायचं नाही. ते बादलीनं तंबूत न्यायचं आणि माणसं जिथं खाली बसणार ती जमीन शिंपडायची, म्हणजे धूळ उडून मशीनच्या भिंगावर बसत नसे. ते शिंपडायचं काम माझ्याकडं होतं. आणि जे पाणी पिंपात उरेल ते संध्याकाळी इंजिनाला. गाडी हलवताना इंजिनातलं पाणी काढून टाकावं लागे, त्यामुळं प्रत्येक मुक्कामी ते नव्यानं भरायचं. पाण्याशिवाय इंजिन तापून बंद पडतं, इंजिन बंद पडलं की पडदा काळा, आणि पडदा काळा झाला की लोक तंबूचे खांब उपटतात. हे आप्पांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. चार वाजल्यानंतर तोटीला हात लावायचा नाही. एका गड्यानं तोटी उघडी ठेवली म्हणून आप्पांनी त्याला ओतूरच्या फाट्यावर वळकटीसकट उतरवून दिलं होतं. पाणी सांडणाऱ्याला गाडीत जागा नाही. मलाही त्यांनी बजावून ठेवलं होतं, की तू सांडलंस तर तुला बोरीला चुलत्याकडं ठेवून देईन, तिथंच शाळा शीक.

त्या आडोशातून येणारे आकडे हा आमच्या घराचा आवाज होता. इतर घरांत सकाळी जातं, कोंबडा, देवाची घंटा ऐकू येत असेल, आमच्याकडं एक ते दहा. आप्पा मोजायचे ते कुणाशी भांडत असल्यासारखे, खडाखडा. त्यांचे दहा म्हणजे आमचे पाच. ऑपरेटर किसनमामा सातला हमखास खोकायचा. आई इतक्या हळू आवाजात मोजायची की ती किती पाणी घेते हे कुणाला कधी कळलं नाही. मला वाटतं ती पाचलाच बंद करायची. आणि दहा झाले की जुनी तोटी आवळताना कर्रर्र असा जो आवाज यायचा तो अजून माझ्या कानात आहे. आमच्या सूनबाईच्या गाडीत बटण आहे, ते मुकं आहे.

डोक्यावरून अंघोळ मात्र या कायद्यात बसत नव्हती. बायकांच्या केसांना दहा आकडे काय पुरणार. म्हणून दर दिवाळीनंतर निघताना आई माझे केस कापायची. तंबूचं कापड कापायची मोठी कात्री होती, तिनंच. मुलग्यासारखे बारीक भादरून टाकायची आणि म्हणायची, गाडीत पाणी कुठाय. खाली पडलेले केस खराट्यानं झाडून उकिरड्यावर टाकायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. खोटं कशाला बोलू, वाटायचं, पण तंबूवाल्याची पोर असल्याच्या तोऱ्यात ते मी गिळून टाकायचे. मला वाटायचं की घर चालायला माझे केस जाणं गरजेचं आहे, आणि ते मी देते, म्हणून मी आईची खास आहे. नलू येईपर्यंत मी हे धरून होते.

नलू माझ्या मावशीची मुलगी, येडगावची, माझ्याहून एखाद्या वर्षानं मोठी. मावशी बाळंतपणात गेली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नलूच्या घरात नवी आई आली. आमची आई तिला भेटायला म्हणून गेली आणि बरोबर घेऊनच आली. आप्पांना ते पसंत नव्हतं. गाडीत चार माणसांची जागा, पाण्याचा हा असा हिशेब. हा एक हंगाम बघू, असं ते म्हणाले, त्रास नाही झाला तर राहू दे, नाहीतर परत पोचवू. नलू फाळक्यावरून आत चढली तेव्हा मी पहिल्यांदा तिची वेणी पाहिली. ती कमरेच्या खाली जात होती, मनगटाएवढी जाड, आणि तिला तेलाचा वास येत होता. त्या दिवशी आईनं मासवड्या केल्या. बेसनाची उकड थापायची, तीळ, खोबरं, कांदा भरून वळायचं, कापायचं, म्हणजे अर्धा दिवस जातो. ट्रक भरायच्या गडबडीत आईनं ते कधी केलेलं मला आठवत नव्हतं. मी वर्षभर मागत होते. तेव्हा वेळ नव्हता. नलूनं दोन वड्या खाल्ल्या आणि पुरे म्हणाली, तर आई तिला आणखी वाढत राहिली. मी पाच खाल्ल्या, मला कुणी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं कात्री काढली. आधी मी बसले. माझे झाले, झाडून झाले, आणि मी उठून नलूला जागा करून दिली. आईनं तिची वेणी हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली, आणि कात्री पेटीत परत टाकली. तिच्या आईनं वाढवल्यात, एवढंच म्हणाली. पुढं दर रविवारी नलूला एक अख्खी बादली मिळायची. फवाऱ्यातून नाही, बादलीतून, आईच्या हातानं. आई ताडपत्रीच्या आत तिच्यामागं बसायची, शिकेकाई चोळायची आणि तांब्यातांब्यानं पाणी सोडायची. आत मोजणं नसायचं. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलायच्या, मधेच नलू हसायची. मी बाहेर रिकामी बादली घेऊन उभी असायचे, कारण ते पाणीही तंबूत शिंपडायचं होतं आणि ते काम माझं होतं. नंतर नलू ट्रकच्या टपावर बसून केस वाळवायची आणि जत्रेतली पोरं माना वर करून बघायची. फाळक्यावर पाय सोडून बसलेली मी त्यांना मुलगा वाटत असणार.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. या वयात त्याला चांगलंसं नाव देता येईल, पण मला ते करायचं नाही. माझ्या पोटात दुखत होतं, रोज. तिचे दहा आकडेसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायचे. ती ए-क, दो-न असं लांबवत मोजायची, धरणाकाठची पोर, तिला पाण्याची काय किंमत. मी बाहेर बसून तिच्या मोजण्यावर माझं मोजणं लावायचे. तिचे दहा म्हणजे माझे सतरा. हे मी आईला सांगितलं तर आई म्हणाली, शिकंल हळूहळू. मी कधी हळूहळू शिकले होते? नलूनं मला काही केलं होतं का? काहीच नाही. ती माझी अंथरुणं घालायची, माझी बादली एका बाजूनं धरायची, सिनेमातली गाणी म्हणून दाखवायची. मला तिच्यात एखादी खोट सापडली असती तर बरं झालं असतं. ती सापडत नव्हती म्हणून राग जास्त यायचा.

पौषात आम्ही आणे गावी, वर पठारावर गेलो. आण्याच्या जत्रेला आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. मोठमोठ्या कढयांतून आमटी, गावोगावहून आलेल्या भाकऱ्या आणि अख्खं पठार पंगतीला. पण त्या पठारावर पाणी नाही. तिथल्या बाया हंड्यावर हंडा चढवून केवढं चालायच्या, ते मी फाळक्यावरून बघितलंय. आप्पांनी बेल्ह्याला विहिरीवर पिंप काठोकाठ भरून घेतलं आणि वर चढायच्या आधी आम्हा सगळ्यांना समोर उभं केलं. वर थेंब मागायचा नाही, म्हणाले, आहे त्यात दोन दिवस काढायचे. आईनं विचारलं, उद्या जत्रा, पोरीनं डोक्यावरून न्हायचं का? आप्पा पिंपाकडं बघून म्हणाले, एक बादली. पोरीनं म्हणजे कुणी, हे विचारायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं नलूचे केस धुतले. मग आपलं ठेवणीतलं फडकं काढून ते पुसले. मला म्हणाली, तू जा आता फवाऱ्याखाली, आवर लवकर. मी आडोशात गेले. टबात नलूच्या शिकेकाईचं पाणी होतं, त्यात मी उभी राहिले. आणि तिथं माझ्या डोक्यात आलं, की आज जर पिंप रिकामं झालं तर आप्पा विचारतील पाणी गेलं कुठं, आणि सगळे त्या केसांकडं बघतील. इंजिनाचं मला माहीत होतं. विसरले होते असं मी आजवर स्वतःला सांगत आले, पण माहीत होतं. आप्पा काहीतरी करतील, ते आप्पा आहेत, एवढाच विचार केला. अंग पुसायचं फडकं मी झारीच्या तोंडाला गुंडाळलं, म्हणजे पाणी फसफस न करता कापडावरून टबात उतरेल. तोटी सोडली. मोठ्यानं दहा मोजले. आणि बंद केली नाही. ट्रकच्या पलीकडं आई चुलीपाशी भांडी वाजवत होती, खणाखणा, त्यामुळं काही ऐकू जाणार नाही याचा मला आनंद झाला. टब भरला की बादल्या भरायच्या, तंबूत नेऊन शिंपडायच्या, परत यायचं. शिंपडणं माझंच काम, मला कोण विचारणार. मी अंगावर एक तांब्याही घेतला नाही. पाच-सहा बादल्या तंबूत गेल्या, आणि शेवटी कापडावरून नुसते थेंब आले.

संध्याकाळी प्रसाद घेऊन माणसं तंबूकडं वळली. आत येऊन बसली तेव्हा बाया हातानं जमीन चाचपून बघत होत्या. किती गार लागतंय, असं एक बाई म्हणाली, आणि तिनं आपल्या तान्ह्या पोराला तिथं अलगद ठेवलं. मी कनातीपाशी उभी होते. तेवढ्यात किसनमामा इंजिनाकडून आला आणि आप्पांच्या कानाला लागला. आप्पा ट्रकच्या टपावर चढले. त्यांनी पिंपावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, एका टोकाला, मग मधे, मग दुसऱ्या टोकाला. सगळीकडून पोकळ वाजलं. खाली उतरले आणि आम्हा तिघींना ट्रकच्या मागं बोलावलं. आप्पा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं की पाणी कुणी घेतलं. आईचे हात पिठात बरबटलेले होते. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग नलूकडं.

“नलूनं आज केस धुतलं,” आई म्हणाली.

नलू म्हणाली, “काका, एकच बादली घेतली व्हती.” आप्पा तिला म्हणाले, एका बादलीनं पिंप रिकामं होतं होय? नलूनं आईकडं बघितलं. आई हाताचं पीठ काढत राहिली. मग नलूनं माझ्याकडं बघितलं, आणि मी माझ्या पायांकडं.

आप्पा स्वतः दोन डबे घेऊन प्रसादाच्या मांडवात गेले. ज्या माणसानं दरवर्षी आठ-आठ महिने फिरून कुठल्या गावात पाण्यासाठी तोंड उघडलं नाही तो जत्रेच्या गर्दीत डबे घेऊन उभा राहिला. गावातला एक म्हातारा आमटीच्या पाण्यावर राखणीला बसला होता, त्यानं काही न विचारता डबे भरून दिले आणि आमच्या ट्रकपर्यंत सोबत आला. तंबूत डोकावून त्यानं मूठभर ओली माती उचलली, चुरली आणि खाली टाकली. “पावणं, पाणी न्या, त्याचं काय न्हाई,” तो म्हणाला, “पर आमी इथं तोंड धुतल्यालं पाणी बी झाडाला घालतो. तुमी लई उधळलं राव.” आप्पांनी मान खाली घातली. मी त्यांना कुणापुढं मान खाली घालताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. इंजिन सुरू झालं, पडदा उजळला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. आप्पा आत आले नाहीत.

सकाळी त्यांनी सांगून टाकलं, की पुढच्या मुक्कामाच्या आधी नलूला येडगावला सोडू. आई तव्यावर भाकरी टाकत होती, तिनं ती उलटवली नाही, जळू दिली. नलू वरच्या फळीवरून खाली उतरली, पेटी उघडली, कात्री काढली आणि आप्पांच्या समोर धरली. “काका, केस कापा माझं,” ती म्हणाली. “पर मला गाडीतच ऱ्हाऊ द्या. तिकडं नगा धाडू.” आप्पांनी कात्री घेतली, आईच्या हातात दिली आणि म्हणाले, काप. आणि उठून इंजिनाकडं निघून गेले.

आईनं तिला फाळक्यापाशी बसवलं आणि मला हाक मारली, वेणी धर म्हणाली, खाली पडता कामा नये. म्हणून मी धरली. ती अजून थोडी ओलसर होती. कात्री तंबूच्या कापडाची, जाड, पण वेणी तिलाही एका दमात कापेना. आई करकर करत राहिली आणि दर वेळी नलूचं डोकं मागं हलत होतं. मग एकाएकी सगळा भार माझ्या हातात आला. केवढं वजन होतं. नलूनं मानेवरून हात फिरवला आणि हलकं वाटतंय म्हणाली, हसलीसुद्धा. आईनं माझ्या हातातून वेणी घेतली, तिला दोन्ही टोकांना सुतळी बांधली, आपल्या लग्नातल्या चोळीच्या कापडात गुंडाळली आणि पेटीत अगदी तळाशी ठेवली.

आता माझं समाधान व्हायला हवं होतं. पिंप, केस, रविवारची बादली, सगळं जसं ठरवलं तसं झालं होतं. आणि मी त्या पेटीकडं बघत उभी होते आणि मला त्या वेणीचा हेवा वाटत होता. माझे केस उकिरड्यावर गेले होते, दरवर्षी जात होते. मी आईच्या मागं चुलीपाशी गेले, नलू तंबूत झाडत होती, आणि माझं तोंड सुटलं. माझं केस झाडून टाकतेस, तिचं ठेवतेस, असं काहीबाही मी बोलत गेले आणि शेवटी ओरडून म्हणाले, “पाणी मी सांडलं. तिनं न्हाई. मी.” मला मार हवा होता. निदान तो तरी माझा एकटीचा असता.

आई पीठ मळत होती, मळतच राहिली. “म्हाईत हाय,” ती म्हणाली.

मला कळेना. मग ती खाली बघतच बोलली. “दहा मोजलंस, आन् तोटी आवळल्याचा आवाज आला न्हाई. म्हटलं, घेतीया जास्तीचं. जत्रेचा दिस हाय, घिऊ दे एकदा पोटभर. तुझ्या आप्पांच्या कानावर जाऊ नये म्हणून भांडी वाजवत बसले मी.” तिनं पिठाचा गोळा उलटा केला. “अंगावर घेतलंस ना तरी?”

मी म्हटलं, न्हाई. तंबूत शिंपडलं सगळं.

आईचे हात पिठातच थांबले. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. मी विचारलं की मग तिचं नाव का घेतलंस. “त्यांनी इचारलं तवा एकीचं नाव घ्यावंच लागनार व्हतं,” आई म्हणाली. “तुझं घेतलं असतं तर तुला बोरीला टाकलं असतं. तिचं घेतलं. ती बहिणीची हाय. तिला बादली दिली न्हाई तर लोक मला शेन घालतील तोंडात, म्हणून देत व्हते. तुला दोन तांबे दिलं तरी तू कुटं जानार व्हतीस? तू पोटची हायस.” आणि परत मळायला लागली.

नलू आता मंचरला असते. तिला नातवंडं आहेत, आम्ही लग्नकार्यात भेटतो, एकमेकींच्या पाया पडू की नको यावर चेष्टा करतो. ती वेणी आईच्या माघारी पेटीत सापडली तेव्हा मी ती तिच्याकडं पाठवून दिली, चिठ्ठी न लिहिता. त्या दुपारचं मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिला ठाऊक आहे की नाही, हे विचारायचीही माझी हिंमत झालेली नाही. हे छापून आलं तर ती वाचेल, तिला वाचायची आवड आहे.

पण एक गोष्ट लिहायची राहते आणि ती लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही. आईचं ते बोलणं ऐकून मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. इतकं बरं, की पोटातलं दोन-अडीच महिन्यांचं दुखणं एकदम थांबलं आणि कडकडून भूक लागली. आईनं आदल्या दिवशीची आमटी गरम केली, भाकऱ्या टाकल्या, आणि नलूला हाक मारली. ती आली आणि माझ्याशेजारी मांडीला मांडी लावून बसली, बोडक्या डोक्याची, अगदी माझ्यासारखी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. पीठ संपलं होतं. नलूनं तिच्या भाकरीचा वरचा पापुद्रा, मला आवडतो म्हणून, सोलून माझ्या ताटात ठेवला. मी तो घेतला आणि आमटीत बुडवून खाल्ला.